भिडूचा नंबर

सोसायटीचे चेअरमन टिपणीस बायकोला घेऊन तावातावानं मेंढीकोटच्या खोलीत घुसले. "पत्ते कुटून म्हाताऱ्यांच्या डोक्याला गंज चढलाय! इथं माझं ऑफिस होणार. अनसूयाकाकू, मोबाईल न बघता चार फोन नंबर सांगा, तरच खोली तुमची!"

ऐंशीच्या काकूंनी धडाधड सहा सांगितले. वर म्हणाल्या, "आमच्यात भिडूनं काय टाकलं ते डोक्यात ठेवावं लागतं, बाबा. तुझ्या भिडूचा नंबर सांग बघू. ही काय, शेजारीच उभी आहे."

"अठ्ठ्याण्णव..." म्हणून टिपणीस अडकले. हात आपोआप खिशाकडे गेला, तसे सगळे म्हातारे खो-खो हसले. बायको तेवढी हसली नाही. टिपणिसांचे कान लालबुंद झाले, मान वर होईना. गुपचूप त्यांनी खोलीची किल्ली टेबलावर ठेवली.

बायको खुर्ची ओढून बसली. "काकू, मलाही पानं वाटा."