गलबतात ओतलेलं पाणी

“तुमचं ते गलबत तोफेनं बुडालं की वादळानं?”

“पाण्यानं,” धाकूबाबा म्हणाले.

देवजी मिस्त्रीला हसू आलं नाही. या म्हाताऱ्यानंच त्याला लाकूड तासायचा वाकस हातात धरायला शिकवलं होतं, ते खरं. पण आता देवजीनं स्वतःच्या अकलेनं लढाऊ गलबत उभं केलं होतं. सहा तोफांचं. आठ महिने लागले. आज पुनवेचं उधाण. दुपारी भरती चढली की गलबत पाण्यात ढकलायचं, आणि ते बघायला आरमाराचे सुभेदार स्वतः यायचे होते.

“चेष्टा नको, बाबा. तुमच्या वेळचं ते थोरलं गलबत बुडालं कसं, तेवढं सांगा. मग माझं का बुडणार नाही, ते मी सांगतो.”

“तूच सांग आधी.”

देवजीनं सांगितलं. सागाचा कणा. दुहेरी फळ्या. फटीफटीत कापूस आणि राळ. सहाच्या सहा तोफा एकदम उडाल्या तरी सांधा हलायचा नाही.

“पाणी भरून बघितलंस?”

“कुठं?”

“आत.”

देवजी आता मात्र हसला. “ते मासेमारीच्या होड्यांना, बाबा. आत पाणी भरा, बाहेरून कुठं गळतं ते बघा. हे लढाईचं गलबत आहे. थेंब आत शिरायचा नाही.”

“मग बाहेरही निघायचा नाही.”

“तेच म्हणतोय मी.”

“मग घाबरतोस कशाला?”

देवजीनं चढत्या पाण्याकडं बघितलं.

जवळच चिमा उभी होती. कडेवर सहा महिन्यांचं मूल, हातात रिकामी कळशी. तिचा नवरा या गलबतावर गोलंदाज म्हणून निघाला होता. बाबांनी तिच्या हातातली कळशी घेतली, समुद्रात बुडवली, शिडी चढून वर गेले आणि गलबतात ओतली.

खाली आले. पुन्हा भरली.

तिसऱ्या कळशीला त्यांचे पाय लटपटले. तेव्हा खलाशांनाच लाज वाटली. हंडे, बादल्या, जे मिळेल ते घेऊन साठ माणसं रांगेत उभी राहिली.

“बाबा, भरती निघून जाईल!” देवजी ओरडला.

“भरती परत येते.”

ऊन डोक्यावर आलं. आत कमरेएवढं पाणी झालं. देवजी गलबताभोवती एक फेरी मारून आला. बाहेरून सगळं कोरडं.

“बघा,” तो म्हणाला.

बाबा बघतच होते. खालून सातव्या फळीपाशी पाण्याची एक बारीक धार सुटली होती. दोऱ्याएवढी.

देवजी पुढं झाला आणि त्यानं तिथं तळहात दाबला. खलाशी हंडे ठेवायला वळले होते, त्यांना दिसलं नाही. बाबांना दिसलं. चिमालाही दिसलं.

तेवढ्यात शिंग वाजलं. सुभेदारांची पालखी वाळूत उतरत होती.

“किती वेळ धरशील?” बाबांनी हळूच विचारलं.

“आजचा दिवस जाऊ द्या, बाबा. एवढीशी तर आहे. परत आलं की बुजवतो.”



चिमानं मूल या कडेवरून त्या कडेवर घेतलं.

“मिस्त्री,” ती म्हणाली, “आमचे हे घाटावरचे आहेत. पोहता येत नाही त्यांना.”

…

देवजीनं हात काढला.

पाणी फळीवरून ओघळलं आणि वाळूत जिरायला लागलं. सुभेदार जवळ आले. त्यांनी आधी ओली वाळू बघितली, मग देवजीकडं.

“हे काय?”

“गळतंय, सरकार. आज सोडता यायचं नाही. पुढचं उधाण अवसेला.”

“पंधरा दिवस? तोवर काय शत्रूला जेवायला बसवून ठेवू?” सुभेदारांचा आवाज चढला. सगळं बंदर ऐकत होतं. “कुठल्या गाढवानं बांधलं हे?”

देवजीनं मान खाली घातली. मग वर केली आणि बोलायला तोंड उघडलं.

त्याच्या आधी बाबांचा ओला हात त्याच्या खांद्यावर पडला.

“गळतंय ते मी बांधलंय, सरकार. अवसेला तरंगेल, ते यानं.”