दिवाणसाहेब, बसा ना!

नवलगड संस्थानाच्या वरिष्ठ सभागृहाचं सभापतिपद वर्षानुवर्षे दिवाण रंगराव सबनीसांकडे होतं. खुर्चीवर बसून ते स्वतःच बोलत आणि इतरांना गप्प बसवत. अखेर महाराजांनी नियम बदलला. सभापती सभासदांनी आपल्यातूनच निवडायचा आणि त्याने कुठल्याही ठरावावर स्वतः बोलायचं नाही.

सभासदांनी मुख्याध्यापिका भागीरथीबाई हुपरीकरांना निवडलं. पहिल्याच दिवशी विणकरांवर नवा कर बसवण्याचा दिवाणांचा ठराव होता. बाई आल्या, तर दिवाण खुर्चीत ठाण मांडून बसलेले!

"ही खुर्ची माझी आहे. उठवून दाखवा!" ते गरजले.

बाईंनी हात जोडले. "बसा ना, दिवाणसाहेब. उपकारच झाले तुमचे. आता सभापती तुम्ही, म्हणजे तुम्हाला ठरावावर बोलता येणार नाही. विणकरांच्या बाजूने मी मोकळेपणी बोलते."

दिवाण ताडकन उठले आणि लगबगीने बाकावर जाऊन बसले.

बाईंनी त्यांना पोटभर बोलू दिलं. मग इतकी वर्षं गप्प बसलेले सभासदही एकेक करून उठले. ठराव पडला.

संध्याकाळी विणकर आभार मानायला आले. बाई म्हणाल्या, "मी तुमच्यासाठी एक शब्दही बोलले नाही. आज जे पहिल्यांदा बोलले ना, त्यांचे आभार माना. मीही त्यांचेच मानते आहे."