दोन वेटोळी

"म्हणजे बदलणार नाही तुम्ही?"

शार्दूलने तिसऱ्यांदा विचारलं.

दस्तगीरचाचा खाली मान घालून तंबोऱ्याची घोडी घासत होते. मिरजेतल्या या दुकानात शार्दूल चार वर्षं जमिनीवर बसून त्यांच्याकडून जवारी लावायला, म्हणजे घोडी घासून तार गुंजती करायला, शिकला. मग इलेक्ट्रिक गिटारकडे वळला. चाचांसमोर तो अजून खुर्चीत बसत नाही. आज उभाच होता.

"नाही कधी म्हणालो? काय झालं ते सांग म्हणालो."

"सांगितलं की. सकाळी सांगलीत रेकॉर्डिंग होतं. गाणं मध्येच थांबलं आणि माझ्या गिटारमधून घूं... सगळ्यांनी ऐकलं. रेकॉर्डिस्ट म्हणतो, तो भुंगा घरी ठेवून या. चारपर्यंत गिटार गप्प झाली नाही तर तो दुसऱ्याला बोलावतोय."

"दुसऱ्याची गप्प असते?"

"एकदम." शार्दूलने हातातला खोका टेबलावर आपटला. "हे नवं पिकअप. घोंगाट नाही, कुरकुर नाही. तुमचं काढा, हे बसवा."

पिकअप म्हणजे तारांखालची बोटभर पट्टी. आत लोहचुंबक, त्याभोवती केसासारख्या तांब्याच्या तारेचं वेटोळं. वर तार हलली की हे ऐकतं आणि स्पीकरला सांगतं. शार्दूलच्या गिटारमधलं चाचांनी स्वतः गुंडाळलं होतं.

"सात हजार वेढे," चाचा म्हणाले. "पाच हजारांवर होतो, तर तू विचारलंस, चहा सांगू का. परत एकपासून."

"म्हणूनच तुमचा जीव अडकलाय त्यात. एकच वेटोळं ते. सुराबरोबर ट्यूबलाइटचंही ऐकतं, पंख्याचंही ऐकतं. लोक पुढं गेले, चाचा. लोकांना स्वच्छ आवाज लागतो."

कानस थांबली.

"हळू बोल. भिंतीवर तंबोरे आहेत. तुझ्यासारखं बोलायला लागलेत."

खरंच. टांगलेल्यांपैकी दोन बारीक झणझणत होते.

चाचांनी गिटार टेबलावर आडवी ठेवली, स्पीकरची वायर जोडली. घूं...

तारांवर पंजा ठेवला. घोंगाट बसला.

पंजा उचलला. घूं...

"मला शिकवू नका," शार्दूल म्हणाला. "हात तारांवर असला की कमी होतं. हे नवशिकाही सांगेल."

"मग गाणं थांबलं तेव्हा तुझा हात कुठं होता?"

शार्दूलने खोक्याचं झाकण उघडलं.

"विचारतोय मी."

"आठवत नाही."

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. मी दाराजवळच्या स्टुलावर होते. शार्दूलशी लग्न होऊन सात आठवडे झालेत. अजून माझी बोलायची वेळ आलेली नाही असं सगळे धरून चालतात. मीही तसंच धरून चालत होते. स्टुडिओत हिरवा चुडा वाजू नये म्हणून शार्दूलने माझ्या दोन्ही हातांना रुमाल बांधले होते. ते तसेच होते.

"ढोलकीवाल्यांवर बोट रोखलं होतं," मी म्हणाले. "त्यांची मात्रा चुकली म्हणून."

मी रुमालाची गाठ चाचपली.

"त्यांची चुकली नव्हती."

शार्दूल गर्रकन वळला.

"तुला काय कळतं गं यातलं? गप्प बस."

दुकान शांत झालं. तंबोरेसुद्धा.

चाचांच्या कानाच्या पाळ्या तेवढ्या लाल झाल्या. त्यांनी गिटारचं पोट उघडलं, सात हजार वेढे बाहेर काढून बाजूला ठेवले आणि सोल्डरिंगची कांब तापवली. डाग असे देत होते, जणू कुणाच्या तरी पाठीवर देतायत.

मान वर न करता म्हणाले, "सूनबाई, ते रुमाल सोड. माझ्या दुकानात वाजलेलं चालतं."

मी एक सोडला. दुसऱ्याची गाठ शार्दूलने फार घट्ट मारली होती. सुटेना.

"यात दोन वेटोळी आहेत," चाचा म्हणाले.

"दोनच असतात," शार्दूल म्हणाला.

"दुसरं उलटं का गुंडाळलंय?"

"परीक्षा घेताय?"

"हो."

शार्दूलने घड्याळाकडे पाहिलं. पाठ केलेलं बोलावं तसं बोलला.

"घोंगाट दोघांना सारखाच ऐकू येतो. पण दुसरं उलटं असतं, म्हणून एकाचा दुसऱ्यात मरतो. चुंबकही उलटं असतं, म्हणून सूर तेवढा राहतो."

"म्हणजे उलटं आहे म्हणून शांतता आहे."

"हेच तर मघापासून सांगतोय मी तुम्हाला."

"चांगली चीज आहे," चाचा म्हणाले. "वाईट म्हणणार नाही."

शेवटचा डाग दिला. वायर जोडली. कुणाचाच हात तारांवर नव्हता.

काही नाही. पंखा ऐकू आला, रस्त्यावरची सायकल ऐकू आली. गिटार नाही.

शार्दूलने तार छेडली. सूर एकटाच बाहेर आला, आंघोळ करून आल्यासारखा. तो पहिल्यांदा हसला.

"बघा. याला म्हणतात गप्प. सहा वर्षं फुकट घोंगाट ऐकवला तुम्ही मला."

त्याने खोका मिटला, गिटारकडे हात केला.

"थांब."

गिटारचं पोट अजून उघडंच होतं. चाचांनी चिमटा घेतला, आतली एका वेटोळ्याची पांढरी वायर उचलली आणि शेजारच्या पत्र्याला टेकवली.

घूं...

"काय केलंत?" शार्दूल ओरडला. भिंतीवरचे तंबोरे परत झणझणले. "चांगलं चाललं होतं ना. साडेतीन वाजलेत, चाचा. काय केलंत तुम्ही?"

चाचांनी चिमटा हलवला नाही.

"काही नाही. दोघांतल्या एकाला म्हणालो, गप्प बस."