विणकराचा पहिला बाण

डोंगरांना अजून नावंही पडली नव्हती, इतक्या जुन्या काळी एका रानाच्या कडेला एक गाव होतं.

मुलांनो, ऐका. आणि मुलांना थोपटता थोपटता इकडे कान लावणाऱ्या मोठ्यांनो, तुम्ही जरा जास्तच ऐका, कारण ही गोष्ट एका मोठ्या माणसाची आहे.

त्या गावात एक विणकर होता. चाळिशी ओलांडलेला, हात सोन्यासारखा. त्याचं कापड घ्यायला लोक दोन नद्या ओलांडून येत. त्याच्याकडे शिकायला येणाऱ्या मुलामुलींना तो पहिलं वर्षभर मागाला हात लावू देत नसे. नुसता सुताचा गुंता सोडवायला बसवी. लोक म्हणत, "कडक आहे, पण शिकवावं त्यानंच."

गावाची एक रीत होती. रानातून हरीण आलं की सगळं गाव एकत्र जेवायचं, आणि पहिली पंगत शिकाऱ्यांची बसायची. विणकर दरवेळी दुसऱ्या पंगतीला बसे. त्याचं त्याला कधी काही वाटलं नव्हतं. पण एकदा पहिल्या पंगतीतला एक शिकारी हाड चोखत म्हणाला, "विणकरदादा, तुम्ही बसा निवांत. तुमचा गुंता सुटेपर्यंत आमचं हात धुऊन होईल!"

सगळे हसले. विणकरही हसला. पण हातातला घास त्याने तसाच पानात ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो गावातल्या सगळ्यात जाणत्या शिकारणीच्या दारात उभा राहिला. ती म्हातारी होती, पण तिने सोडलेला बाण वाया गेल्याचं कुणाला आठवत नव्हतं. तिचा मुलगा मीठ आणायला समुद्राकडे गेला होता, तो पुढच्या वर्षीच्या सुगीपर्यंत येणार नव्हता. घरात ती, तिची सून आणि सुनेचं चार महिन्यांचं तान्हं बाळ. तिघांचं पोट त्या एका धनुष्यावर चालत होतं.

"मावशी, मला शिकार शिकवा," विणकर म्हणाला.

"या वयात? बरं चाललंय की तुमचं."

"हात स्थिर आहे माझा."

"हाताचं काय घेऊन बसलात?" म्हातारी म्हणाली. "शिकार पायांनी होते."

तरी तिने त्याला घेतलं. आठ दिवसांत तो गवताच्या भाऱ्यावर अचूक बाण मारू लागला. मग ती त्याला रानात नेऊ लागली. तिथे मात्र ती त्याला बाण सोडू देईना. नुसतं बसायचं आणि बघायचं. कुठली हरिणी चरताना सारखी एकाच बाजूला वळून बघते? म्हणजे तिकडे गवतात तिचं पाडस आहे, ती सोडायची. नर कुठला, म्हातारा कुठला? असं दिवसचे दिवस.

विणकराच्या पायाला मुंग्या येत. त्याला वाटे, मी काय पोर आहे का?

आता खरं सांगायचं, तर इथपर्यंत मला त्याचा राग येत नाही. ज्याला सगळं गाव मानतं, त्याला पुन्हा पहिल्या पायरीवर बसवलं की कमीपणा वाटतोच. मला साधी भाकरी शिकताना वाटला होता. राग येतो तो पुढे.

एके दिवशी म्हातारीचा गुडघा सुजला. तिला उठवेना. विणकर म्हणाला, "मावशी, आज मी एकटा जातो. धनुष्य आणि एकच बाण द्या. मिळालं तर तुमच्याच घरी मांस येईल."

सून बाळाला पाजत चुलीपाशी बसली होती. ती हळूच म्हणाली, "आत्याबाई, अजून महिनासुद्धा नाही झाला."

"कर्ता माणूस आहे तो," म्हातारी म्हणाली. "पोरगा असता तर दिला नसता." मग विणकराकडे वळून म्हणाली, "एक ध्यानात ठेवा. बाण सुटला की हरीण जिथं उभं होतं तिथवर चालत जायचं. लागला नसेल तर बाण घेऊन यायचं. लागला असेल तर रक्ताच्या मागानं जायचं, हरीण सापडेपर्यंत. जखमी जनावर मागं सोडून घरी यायचं नाही. सोडणाऱ्याचं धनुष्य गाव मोडतं."

"हो, हो," विणकर म्हणाला. हे त्याने दहा वेळा ऐकलं होतं.

तिसऱ्या प्रहरी, ऊन अजून डोंगरावर असताना, गवतात एक हरिणी उभी राहिली. ती एका बाजूला वळून बघत होती. विणकराने ते पाहिलं, आणि त्याचा अर्थ काय हे त्याला आठवलं नाही. त्याला फक्त पहिली पंगत आठवली. त्याने बाण सोडला.

बाण पोटात लागला. हरिणी उडाली, पडली, उठली आणि करवंदीच्या जाळीत शिरली.

विणकर उभा राहिला. समोर काटे होते. पलीकडे उतार, त्याच्या पलीकडे काय ते त्याला ठाऊक नव्हतं. हरिणी उभी होती ती जागा तर अगदी समोर होती, मोजून चाळीस पावलं. तिथवरसुद्धा तो गेला नाही. तो म्हणाला, "मरेल ती कुठंतरी. आता कुठं शोधत बसू?" आणि घरी आला.

"काय झालं?" म्हातारीने विचारलं.

"हुकला."

"बाण?"

"झाडीत गेला. सापडला नाही."

म्हातारीने त्याच्याकडे क्षणभर बघितलं आणि ती म्हणाली, "असू दे. पहिला बाण सगळ्यांचाच हुकतो."

बघा, हुकला असता तर त्यात काही लाज नव्हती. आणि खरं सांगितलं असतं, तरी काय झालं असतं? दुसऱ्या दिवशी चार माणसं घेऊन माग काढता आला असता. लोक चार दिवस हसले असते, झालं. तेवढंसुद्धा त्याला सोसवलं नाही!

तिसऱ्या दिवशी सकाळी गुराखी ओरडत गावात आले. पाणवठ्यावर एक हरिणी पडली होती. जिवंत होती. पोटात बाण, डोळे उघडे, पाण्यापासून दोन हातांवर, आणि पाण्यापर्यंत जाण्याचं बळ अंगात नाही.

सगळं गाव जमलं. पाटील आले. विणकरही आला, मागे उभा राहिला.

या गोष्टीत हरिणी बोलत नाही. बोलायला माणसं होती, आणि ती नको तेवढं बोलत होती. कोणी म्हणालं, "पोटात मारलं, आंधळा होता की काय?" कोणी म्हणालं, "एवढं काय त्यात, एका हरणाचं?" हे म्हणणारा तोच, हाड चोखणारा.

पाटलांनी बाणाची खूण पाहिली. "मावशी, बाण तुमचा आहे."

म्हातारी सुनेच्या खांद्यावर हात ठेवून लंगडत पुढे आली. तिने बाण ओळखला. मग मान वर करून गर्दीत बघितलं, थेट विणकराकडे.

शिकाऱ्यांमध्ये आणखी एक रीत होती. शिकवणाऱ्याने शिकणाऱ्याचं नाव घ्यायचं नाही. ज्याची चूक, त्याने ती स्वतःच्या तोंडाने सांगायची. मला विचाराल तर ही रीत मला कधीच पटली नाही. ती लाज असणाऱ्यांनी केलेली रीत आहे. लाज नसणारा तिच्यामागे खुशाल लपून बसतो.

विणकर स्वतःच्या पायांकडे बघत राहिला.

"बाण माझा आहे," म्हातारी म्हणाली. ती हरिणीजवळ बसली, तिच्या डोळ्यांवर हात ठेवला आणि सुरीने तिचे हाल संपवले.

"मावशी, तुम्ही असं करणार नाही," पाटील म्हणाले. "कुणाला दिला होता का बाण? सांगा."

"बाण माझा आहे, पाटील. किती वेळा विचाराल?"

पाटलांनी घरातून धनुष्य आणवलं. त्यांचाही हात धजत नव्हता. पण रीत ती रीत. धनुष्य दगडावर ठेवलं, वर कुऱ्हाड पडली. दोन तुकडे झाले. विणकराच्या देखत झाले. ते थांबवायला त्याचा एक शब्द पुरला असता.

तेवढ्यात सून हरिणीजवळ वाकली आणि किंचाळली, "अगं बाई! हिच्या सडांत दूध आहे!"

ती सासूकडे वळली.

"आत्याबाई, पाडस असेल हिचं. तीन दिवसांचं उपाशी. कुठं मारलं हिला? कुठं उभी होती ही?"

म्हातारीने पुन्हा विणकराकडे बघितलं.

"सांगा ना! कुठं उभी होती?"

"मला ठाऊक नाही, पोरी," म्हातारी म्हणाली.

सुनेने सासूच्या सुजलेल्या गुडघ्याकडे बघितलं. तीन दिवसांत ही उंबऱ्याबाहेर पडली नव्हती. बाण कुणी नेला ते सुनेला ठाऊक होतं, पण सासूने पाळलेल्या रीतीपायी ती आतापर्यंत बोलली नव्हती. मग तिने गर्दीत नजर फिरवली. कडेवर बाळ घेऊन ती तरातरा विणकरापुढे जाऊन उभी राहिली.

"मामा, वर बघा."

त्याने बघितलं नाही.

"मी तुमच्या मागावर शिकले. आठवतंय? मी अकरा हात विणलं होतं, आणि मधे एक धागा तुटलेला निघाला. एक धागा! तुम्ही ते सगळं उसवायला लावलंत. म्हणालात, तुटलेला धागा मागं ठेवून पुढं विणणारा विणकर नव्हे, चोर आहे. त्याचं टोक सापडेपर्यंत मला जेवायला उठू दिलं नाहीत. नऊ वर्षांची होते मी! सुतासाठी एवढं, आणि जिवासाठी काहीच नाही?"

"अगं, मोठ्या माणसाशी..." कुणीतरी मागून म्हणालं.

"मोठा कुठाय? दाखवा मला!" ती कडाडली. बाळ रडायला लागलं. ती थांबली नाही. "आमच्या घरातलं धनुष्य मोडलं, तुम्ही उभे राहून बघितलंत. ते राहू दे. आत्ता या घडीला एक पोर आईची वाट बघत गवतात पडलंय, आणि ते कुठं आहे हे या सगळ्या गावात तुम्हा एकट्याला ठाऊक आहे. आता तरी तोंड उघडा!"

विणकराचे ओठ हलले. "बाण मी सोडला," तो म्हणाला. "मोहाच्या झाडाजवळ, करवंदीच्या जाळीच्या अलीकडे."

"आत्ता सांगताय?" पाटील म्हणाले. त्यांच्या हातात अजून कुऱ्हाड होती.

सगळे धावले. विणकर पुढे, त्याच्यामागे सून, मागून गाव. काटे लागत होते, पण आता त्याला ते जाणवले नाहीत. तो त्या दिवशी उभा होता तिथे पोचला, आणि तिथून हरिणी उभी होती तिकडे चालत गेला. चाळीस पावलं.

गवतात पाडस होतं. पाय पोटाशी घेतलेले, मान खाली टेकलेली, अंगावरचे पांढरे ठिपके उन्हात चमकत होते. हरिणी चरायला जाताना पाडसाला लपवून जाते, आणि पाडस ती येईपर्यंत जागचं हलत नाही. हे हललं नव्हतं. तीन दिवस ते जागचं हललं नव्हतं.

सुनेने त्याला हात लावला. अंग अजून ऊबदार होतं. श्वास नव्हता.

"सकाळपर्यंत जिवंत होतं हे," ती म्हणाली. "सकाळी आपण सगळे पाणवठ्यावर होतो."

एवढंच. ती पुन्हा ओरडली नाही. तिने बाळाला छातीशी धरलं आणि ती गावाकडे चालू लागली.

विणकराने तिथेच खड्डा खणला आणि पाडसाला पुरलं. मग तो म्हातारीच्या दारात गेला. "मावशी, मी नवं धनुष्य आणून देतो. म्हणाल ते देतो."

"पाटलांनी परवानगी दिलीय मला नव्या धनुष्याची," म्हातारी म्हणाली. "पण बांबू वर्षभर चुलीवरच्या धुरात धरावा लागतो. तुम्ही घाई केलीत म्हणून तो लवकर पिकणार आहे का?"

ते वर्ष त्या घरात कसं गेलं, ते मी सांगत बसत नाही. अंगावर पिणारं बाळ आणि अर्धपोटी आई, यातच सगळं आलं. विणकर दर आठवड्याला दाणागोटा घेऊन येई. सून टोपली घेई, कारण बाळाला दूध हवं होतं. पण "बसा" मात्र ती म्हणाली नाही. वर्षभरात एकदाही नाही. लोक तिला म्हणत, "पश्चात्ताप झालाय गं त्याला, आता सोड." ती म्हणे, "झाला असेल. कुणासाठी झाला आणि कधी झाला, ते पाडसाला जाऊन सांगा."

विणकराने पुन्हा धनुष्याला हात लावला नाही. पुढे गावाने त्याला पहिल्या पंगतीला बसवलं असतं तरी तो बसला नसता. पण त्याला कोणी बोलावलंच नाही.

तात्पर्य: आपण अर्धवट सोडून आलेली चूक तिथेच संपत नाही, ती कुणातरी निरपराधाला आपल्या जागी शेवटपर्यंत भोगावी लागते.