गाडी आहे तशी

चिंचखडी नावाचं एक गाव होतं. तिथं एक भोळा राहायचा, पिराजी. भोळा हा त्याच्या आईचा शब्द. गावाचा शब्द निराळा होता, पण तो पोराबाळांसमोर सांगण्यासारखा नाही.

पिराजीचा मामा जालिंदर. त्याचा बाजारपेठेत फोटोचा स्टुडिओ. आता ज्याच्या त्याच्या हातात मोबाइल, स्टुडिओत कोण कडमडतंय? लग्नं गेली, बारशी गेली. विकायच्या गाड्यांचे आणि नव्या गाड्यांचे फोटो, एवढ्यावरच दुकान तग धरून होतं. त्यात एका जीपचा फोटो वरून काढायला मामा झाडावर चढला आणि फांदीसकट खाली आला. पाय प्लास्टरमध्ये. आता फोटो काढायला दुसरं कुणी पाहिजे. जगात एवढी माणसं पडलीत, पण मामाला आठवला कोण, तर पिराजी. घ्या! अकलेचा दुष्काळ एकट्या भाच्याच्याच वाट्याला येतो होय?

"पिऱ्या," मामा म्हणाला, "ही गाड्यांची कामं गेली की दुकानाचं शटर कायमचं खाली. नीट कर बाबा."

"करतो की मामा."

पहिलं काम गुरुजींच्या गाडीचं. गाडी विकायची होती. चिखलाशेणानं बरबटलेली, टपावर कोंबडी बसलेली. पिराजीनं कोंबडीसकट फोटो काढला. कोंबडी छान आली होती.

"अरे गाढवा," मामा ओरडला, "फोटोआधी गाडी धुवायची! घासूनपुसून काढायची! गाडीवर काही म्हणजे काही राहता कामा नये!"

"एवढंच व्हय? मग आधी सांगायचं की."

दुसऱ्या दिवशी सरपंचबाईंची नवी कोरी गाडी देवळासमोर उभी. त्यांच्या सासूबाईंनी साग्रसंगीत पूजा केलेली. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, पुढं झेंडूचा हार, चाकांखाली लिंबं. फोटो निघायचा म्हणून बायका ठेवणीतली लुगडी नेसायला घरात गेल्या. परत येऊन बघतात तो काय, पिराजीच्या हातात बादली! स्वस्तिक गटारात, हार शेळीच्या तोंडात आणि गाडी लख्ख.

"मुडद्या!" सासूबाई कडाडल्या. "कुंकू पुसलंस? अरे, गाडीला आधी हार घालावा, कुंकू लावावं, नारळ फोडावा, मग फोटो काढावा!"

"एवढंच व्हय? मग आधी सांगायचं की."

बरं, झालं एवढं तरी मामानं शहाणं व्हावं की नाही? नाही. त्यानं पिराजीला तिसऱ्या कामावर धाडलं.

येसाजी टेलरची गाडी घाटात आंब्याच्या झाडावर आदळली होती. विम्यासाठी मोडक्या गाडीचे फोटो हवे होते. टेलर डोक्याला पट्टी बांधून झाडामागं सावलीला बसलेला. पिराजी हार आणि नारळ घेऊनच पोचला. चेपलेल्या तोंडावर हार चढवला. फुटक्या काचेला कुंकू लावलं. बम्परवर नारळ फोडला. एवढा बम्परच काय तो धड राहिला होता, तोही खाली पडला. तेवढ्यात टेलरची बायको धावत आली. तिनं लांबून तो हार बघितला आणि रस्त्यातच गळा काढला. तिला वाटलं, माणूस गेला.

पाहणीला आलेले विम्याचे साहेब लालेलाल झाले. "अहो शहाणे! अशा गाडीला बोटसुद्धा लावायचं नसतं! आहे तशी दिसली पाहिजे! आपण मधे पडायचं नाही, गुमान बटण दाबायचं!"

"एवढंच व्हय? मग आधी सांगायचं की."

गावभर बोभाटा झाला. स्टुडिओकडं कुत्रं फिरकेना. मामाकडं आता एकच चीज उरली, त्याची स्वतःची जुनी लाल जीप. ती विकली गेली तर दुकान वाचणार होतं. कोल्हापूरच्या एका हौशी गिऱ्हाइकानं सांगितलं, "आधी फोटो पाठवा. आवडला तर गाडी घेतो."

या वेळी मामा स्वतः निघाला. शेजाऱ्यानं जीप तळ्याच्या उतारावर आणून लावली. हँडब्रेक कधीच गेलेला, म्हणून चाकाखाली दगड ठेवला आणि तो चहाला गेला. मामा मागच्या सीटवर आडवा झाला, म्हणजे फोटोत दिसायला नको.

"ऊन आता मऊ झालंय," मामा आतून म्हणाला. "सूर्य पाठीशी घे. खाली बस. पाण्यात गाडी दिसतीय, तीपण येऊ दे. दाब!"

पिराजीनं मामाच्या मोबाइलचं बटण दाबलं. आणि काय सांगू महाराजा, जन्मात पहिल्यांदा त्याचा फोटो झकास आला! लाल जीप, सोनेरी ऊन, संथ पाणी. कावळा बसायला आणि फांदी मोडायला. मामानं फोटो बघितला आणि मोबाइलच कपाळाला लावला. "पाठव पिऱ्या, पाठव लगेच! वाचलो रे बाबा! आणि अजून चार काढ."

पिराजीनं फोटो पाठवला. तो पुढचा काढायला बसला, तेवढ्यात एक म्हैस आली आणि जीपला पाठ घासू लागली. दगड सटकला. जीप हळूहळू निघाली. इतकी हळू, की पायानं दगड परत सरकवला असता तरी थांबली असती.

"पिऱ्या! दगड लाव, दगड!"

"बोट लावायचं न्हाई मामा. आहे तशी यायला पायजे."

चाकं पाण्यात गेली. पिराजीनं बटण दाबलं. बॉनेट गेलं. बटण दाबलं.

"अरे मुर्दाडा, मला तरी ओढ बाहेर!"

"मधे पडायचं नसतंय मामा. साहेबांनीच सांगितलंय."

शेवटी गुराख्यांनी उड्या टाकून मामाला काठावर आणलं. प्लास्टरचा पार लगदा झाला होता. जीपच्या जागी नुसते बुडबुडे. मामा चिखलात बसून ढसाढसा रडायला लागला.

तेवढ्यात पिराजीच्या हातातला मोबाइल वाजला. कोल्हापूरचं गिऱ्हाईक!

"अहो, काय फोटो आहे! असली जीप मी उभ्या जिल्ह्यात बघितली नाही. घेतली समजा. बघायला कधी येऊ?"

मामानं रडणं गिळलं. ओठांवर बोट ठेवलं, हात जोडले, बोलू नकोस म्हणून मान हलवली.

पिराजी म्हणाला, "कधीबी या की साहेब. गाडी जाग्यावरच हाय. तेवढं पोहायला येतंय न्हवं?"