मागच्या तारखेचं आवतण

"म्हंजी तारीख मागची घालायची?" होनाबाबांनी विचारलं.

"हो बाबा. गेल्या वर्षीची. बाकी काही नाही."

"कंची?"

"सात ऑक्टोबर. मी मुळं खणली ना, त्याच्या आदल्या दिवसाची."

"आन् कागद काय म्हनतो?"

मी वाचून दाखवलं. आम्हाला खणण्याच्या आधी सगळं समजावून सांगितलं, आम्ही राजीखुशीनं हो म्हणालो, असं होतं त्यात. खाली अंगठ्यासाठी एक रिकामा चौकोन.

बाबा त्या चौकोनाकडे बघत बसले...

थांबा, बाबा कोण ते आधी सांगते. मी नेहमी मधूनच सुरू करते, घरी पण सगळे ओरडतात.

होनाजी मेंगाळ. अकोल्याच्या वर डोंगरात एक ठाकरवाडी आहे, तीस-पस्तीस घरांची, तिथे औषध देणारे हे म्हातारे. मी पुण्याची. एका औषधांच्या कंपनीत वनस्पती विभागात सगळ्यात ज्युनिअर. गेल्या वर्षी मला तिकडे पाठवलं आणि मी तीन आठवडे बाबांच्या पडवीत राहिले. अक्षरशः त्यांच्या मागे मागे फिरले. त्यांनी मला बेचाळीस झाडं दाखवली, पानं चावून बघायला लावली, दोनदा उलटी पण झाली मला. अख्खी वही भरली. पुण्याला आल्यावर मी सगळ्यांना सांगत सुटले, माझे गुरू, माझे गुरू! बाबांचा फोटो स्टेटसला ठेवला होता, शपथ.

त्या बेचाळीसमधली एक तांबडवेल. मूळ कापलं की आत लालभडक. दम्यावर देतात. बाबा कोणाकडून काही घेत नाहीत त्याचं, घेतलं तर गुण येत नाही म्हणतात.

पण एक नियम होता.

मूळ काढायचं तर आदल्या संध्याकाळी वेलीपाशी जायचं. बुंध्याशी एक सुपारी आणि चार तांदूळ ठेवायचे. म्हणायचं, 'उद्या येतो तुला न्यायला. अमक्याच्या दुखण्यासाठी. राग धरू नको.' ह्याला आवतण म्हणतात. आपण लग्नाला देतो तेच. मग घरी यायचं. सकाळी जाऊन बघायचं. मुंग्यांनी, पाखरांनी, कोणीही तांदूळ नेले असले तर वेल हो म्हणाली. तसेच पडले असले तर नाही.

तेव्हा मी विचारलं होतं, "आणि नाही म्हणाली तर?"

"तर न्हाई."

"पण पेशंट सिरियस असला तर?"

"तर मरतो."

आज एसटी नाही म्हणावं ना, तितक्या साधेपणानं म्हणाले होते.

मी वहीत लिहिलं, 'स्थानिक विधी'. खाली रेघ मारली.

आणि केला नाही. शेवटच्या दिवशी बाबा राजूरच्या बाजाराला गेले होते, माझी दुपारची गाडी होती, मुंग्यांसाठी कोण एक दिवस थांबणार? मी एकटीच दरीत उतरले, खणलं, दोन पिशव्या भरल्या. शेजारच्या ऐनाच्या झाडाला माझा पत्र्याचा बिल्ला लावला, नमुना क्रमांक सतरा. अहवालात दरीचा नकाशा पण काढून दिला. छान काढला होता. सरांनी कौतुक केलं.

आणि मुळांचा गुण लॅबमध्ये आला की हो! जाम खूश होतो आम्ही. पेढे वाटले. पेटंटचा अर्ज तयार झाला. मग कोणाच्या तरी लक्षात आलं, संमती कुठाय? असा कायदा आहे. गावच्या जंगलातलं, गावच्या माहितीवरचं काही न्यायचं तर गावाला आधी विचारायचं, आणि फायदा झाला तर त्यातला वाटा गावाला द्यायचा. सोमवारपर्यंत कागद हवा होता. पंचायतीच्या समितीच्या सह्या मिळाल्या, चहा पिता पिता मिळाल्या. राहिला होता फक्त माहिती देणाऱ्या माणसाचा अंगठा.

म्हणून मी पडवीत बसले होते. मांडीवर कागद, हातात शाईची डबी.

"बाबा, तुमच्याच फायद्याचं आहे हो. वाडीला वाटा मिळणार, दर वर्षी. मी सरांशी भांडून घालून घेतलंय ते कलम."

"कशातला वाटा?"

"तांबडवेलीतला."

"कुठं हाय ती?"

...

मला वर येतानाच कळलं होतं. माझा नकाशा कंपनीनं माल पुरवणाऱ्याला दिला. त्याचा टेम्पो दिवाळीनंतर वाडीत आला. रोजावर माणसं लावली, आणि माणसं कुठली, तर वाडीतलीच. अकरा दिवस खणत होती. दरीतली एक वेल ठेवली नाही.

"असं होईल हे मला खरंच माहीत नव्हतं, बाबा."

"मला ठावं हुतं," बाबा म्हणाले. "माझा नातू बी गेलता खनाया. सांजच्याला त्याचं हात लाल."

आतून खोकला आला. चिंधाआजी, बाबांची बायको. खोकला संपला की श्वासाचा आवाज यायचा, फाटलेल्या भात्यासारखा. मागच्या वर्षी ही बाई मला नाचणीची भाकरी वाढताना माझ्या चष्म्याची नक्कल करून हसवायची. आता भिंतीला टेकून बसली होती आणि दोन्ही खांदे वर-खाली होत होते.

"आजींना दमा?"

"जुना हाय. दर साली मूळ द्यायचो, थांबायचा."

"मग आता?"

"एक वेल ऱ्हायलीय. वर कड्याच्या फटीत. त्या लोकांचा हात पोचला न्हाई."

"मग द्या की!"

"काल सांजच्याला आवतन दिलं. सकाळी गेलो..."

"आणि?"

"तांदूळ तसंच. चारच्या चार."

"मग?"

"मग आलो माघारी."

मला राहवलंच नाही. मी उठून उभी राहिले. "अहो बाबा, मुंग्यांचं काय घेऊन बसलात! कड्यावर नसतील मुंग्या! आजींचा जीव चाललाय इथे! मी जाते, मला दाखवा कुठे ते, मी काढून आणते!"

"ए पोरी," आतून आजी म्हणाल्या. दोन शब्द, मग श्वास. "वरडू नको... येकलीच ऱ्हायलीय ती... कशी हो म्हनंल?"

"पण आजी, तुम्ही..."

"तिला इचारलं तरी... मला तर इचारलंबी न्हवतं कुनी... न्हाईतर ह्याच्याशी लगीन... मी केलं असतं व्हय?"

बाबा हसले. आजी पण हसायला गेल्या आणि मग खूप वेळ खोकत राहिल्या.

मी खाली बसले.

बाबांनी कागद माझ्या हातातून घेतला, घडी केली, माझ्यासमोर ठेवला.

"अंगठा देतो," ते म्हणाले.

"खरंच?"

"पर तुझं आवतन ऱ्हायलंय. ते आधी दे."

"कोणाला?"

"जिथनं नेलंस तिला."

"पण बाबा, तिथे आता..."

"कागदाची तारीख मागं जाती न्हवं? मग आवतनाची बी जाईल." त्यांनी कोनाड्यातून सुपारी काढली आणि माझ्या तळहातावर चार तांदूळ मोजून ठेवले. "सकाळी तांदूळ गेलं आसलं, तर ये. लगेच अंगठा."

मला आधी वाटलं चेष्टा करतायत. पण बाबा उठून चालायला पण लागले होते.

ऊन उतरत होतं. दरी मला ओळखूच येईना. जिकडे बघावं तिकडे खड्डे, गुडघाभर, कंबरभर, कशात पाला, कशात गेल्या पावसाचं हिरवं पाणी. बाजूच्या झाडांची मुळं उघडी पडलेली. एक ऐन वाळून गेला होता आणि त्याच्यावर माझा बिल्ला. नमुना क्रमांक सतरा. वाऱ्यानं टिकटिक करत होता.

"ह्योच?" बाबांनी विचारलं.

"हाच."

मी खड्ड्याच्या काठाशी बसले. सुपारी ठेवली. तांदूळ ठेवले. खूप बावळट वाटत होतं, आणि भीती पण वाटत होती, का ते माहीत नाही.

"बोल की."

"उद्या येते तुला न्यायला," मी म्हणाले.

"कुनाच्या दुखन्यासाठी?"

मी सुपारी उगाच सरळ केली.

"ते सांगावं लागतं, पोरी. कुनाच्या दुखन्यासाठी ते."

कंपनीचं नाव घेऊ? सरांचं? ज्यांना गोळ्या मिळतील त्या लोकांचं? त्यातलं कोणी मी पाहिलेलं नव्हतं. सोमवार डोळ्यासमोर होता. सोमवारी कागद गेला तर मी नोकरीत कायम होणार होते, सरांनी तसं सांगितलं होतं.

"माझ्यासाठी," मी म्हणाले. मलाच नीट ऐकू आलं नाही.



"राग धरू नको," मी म्हणाले.

सकाळी उजाडताच मी धावत सुटले. दोनदा घसरले, कोपर सोलवटलं. बाबा आले नाहीत, पडवीतच बसून होते. खड्ड्यापाशी पोचले तेव्हा, खरं सांगते, मी मनातल्या मनात म्हणत होते, गेलेले असू देत, गेलेले असू देत...

गेले होते!

चारही! सुपारी कलंडलेली, आणि तिच्या बाजूनं काळ्या मुंग्यांची एक रांग, सरळ खड्ड्याच्या आत उतरलेली. मी तिथे एकटीच ओरडले. मला रडू पण आलं. आपल्याला माफ केलंय असं वाटलं हो, अगदी मनापासून वाटलं.

परत वर धावले. वाडीतल्या कोंबड्या पळाल्या.

"बाबा! नेले! चारच्या चार नेले! हो म्हणाली!"

बाबा आता आत, चिंधाआजींच्या मागे बसले होते आणि त्यांच्या पाठीला कोमट तेल चोळत होते. आजींचे डोळे मिटलेले. कालच्यापेक्षा श्वास लहान झाला होता. दोन श्वासांमध्ये इतकी जागा पडत होती, की प्रत्येक वेळी मी थांबून ऐकायचे, पुढचा येतोय का.

बाबांचा हात थांबला नाही.

"वेल हाय तिथं?"

"नाही... पण तांदूळ..."

"पाला? डीर? एकांदं मूळ?"

"नाही बाबा."

"मग हो कोन म्हनलं?"

मी बाबांकडे बघितलं. मग आजींकडे. धावताना मुठीत धरलेला कागद घामानं ओला झाला होता.

"...खड्डा," मी म्हणाले.

आजींचा एक श्वास आला. मग बऱ्याच वेळानं दुसरा.

बाबांनी तेलाचा हात धोतराला पुसला. कालची शाईची डबी ओढून घेतली, स्वतःच झाकण उघडलं, आणि अंगठा शाईत दाबला. अगदी तळापर्यंत.

"राहू दे बाबा," मी म्हणाले. "नको. मी सरांना सांगते..."

त्यांनी अंगठा वर धरला. काळा, ओला.

"खड्डा कशालाबी हो म्हनतो, पोरी. आन् कागद बी. कुठं करू अंगठा?"