सुतापासून अकरा अंश

‘…म्हणजे उत्तर दिशा जागची हलते, असं म्हणतेस?’

केतकीला या प्रश्नाची अपेक्षा नव्हती. पांढरीवर राहणारा म्हातारा फकीर खोदकामाला आडवा येईल, शाप-बिप देईल, असं तिला वाटलं होतं. त्याला पटवायला विज्ञान, वारसा, देश असं एक भाषणही ती तयार करून आली होती.

प्रत्यक्षात लालनशाबाबा रोज खड्ड्याच्या काठावर उकिडवे बसत आणि शिकायला आल्यासारखे प्रश्न विचारत. भाषण तसंच राहून गेलं.

नदीकाठच्या त्या पांढऱ्या मातीच्या टेकाडाखाली साडेतीन हजार वर्षांपूर्वीचं गाव होतं.

‘हलते, बाबा. होकायंत्राची उत्तर. शतकानुशतकं सरकत असते, कधी इकडे, कधी तिकडे.’

‘हे तुला कुणी सांगितलं?’

‘यांच्या चुलीनं.’ तिनं खड्ड्यातल्या लालसर, भाजलेल्या जमिनीवर हात ठेवला. ‘मातीत लोखंडाचे बारीक कण असतात. जाळानं त्यांची जुनी दिशा पुसली जाते. शेवटचा जाळ विझून चूल निवते ना, तेव्हा ते त्या दिवशीची उत्तर धरतात. मग सोडत नाहीत.’

‘आणि तू ती माती उचलून नेलीस तर?’

‘आधी तिच्यावर उत्तरेची खूण करायची. तशीच उचलली तर नुसतं ढेकूळ. कुठं तोंड होतं, तिला कधीच सांगता येत नाही.’

बाबांनी मान डोलावली…

गेल्या वर्षी पहिल्या घराची चूल तपासून झाली होती. तिची उत्तर खऱ्या उत्तरेपासून अकरा अंश पश्चिमेला. त्याच घराच्या जमिनीखाली पुरलेला माणूस पस्तीस वर्षांपूर्वीच्या खोदकामात निघाला होता. केतकीनं तेव्हाचा नकाशा शोधून त्यावर कोन मापला. त्याचं डोकंही अकरा अंश पश्चिमेला.

ध्रुवाकडे नव्हे. होकायंत्राच्या सुईकडे. आणि सुई तर त्या लोकांकडे नव्हतीच.

परदेशातल्या तिच्या प्राध्यापकांनी दोन शब्दांत कळवलं होतं : योगायोग असेल. तिनं पुन्हा लिहिलं, तेव्हा आणखी तीन शब्द आले. दुसरं उदाहरण आणा.

दुसरं घर आता तिच्या पुढ्यात होतं. चूल निघाली होती. खाली माणूस असणारच. खोदायचा परवाना उद्या संपत होता.

‘पहिल्याला काढला तेव्हा मी होतो,’ बाबा म्हणाले. ‘टोपल्या वाहायला. पाय नव्हते त्याला. घोट्यातून तोडलेले.’

‘इथल्या सगळ्या मोठ्या माणसांचे तसेच आहेत. मेल्यावर तोडत. उठून चालायला लागू नये म्हणून, असं काहीजण म्हणतात.’

‘मी बघायला गेलतो त्याला. शहरात. काचेच्या पेटीत ठेवलाय. लोकांना नीट दिसावं म्हणून डोकं दाराकडं केलंय.’ बाबा हसले. ‘आता वळावं म्हटलं, तर बिचाऱ्याला पायबी नाहीत.’

केतकी हसली नाही.

‘बेटा, तुला कितव्या वर्षी उचलली?’

‘…पंधराव्या. परदेशी शिकायला पाठवलं. पण मी माझ्या मनानं परत आलेय, बाबा. मला इथंच काम करायचंय. माझं तोंड कुठं आहे ते मला पक्कं ठाऊक आहे.’

‘मग पड इथं.’

दुपारचे साडेबारा होऊन गेले होते. इथला काळा दगड सुईला फसवतो, म्हणून तिनं सळई रोवून भर दुपारची सावली धरली होती आणि त्या सावलीवर सूत ताणलं होतं. ती खरी उत्तर. मजूर बाभळीखाली भाकरी सोडून बसले होते.

‘मॅडम, बाबाच्या नादी लागू नका,’ मुकादम रखमाजी तिथूनच म्हणाला. ‘मागच्या खोदकामातले एक साहेब लागले होते. ते अजून बाबाला पत्रं धाडतात.’

बाबांनी आपलं हिरवं फडकं तिच्या डोळ्यांवर बांधलं. आंधळ्या कोशिंबिरीत फिरवतात तसं तीनदा गरगर फिरवलं.

‘आता अंगाला बरं वाटंल तसं पड. घाई नाही.’

ती आडवी झाली. बरं वाटेना. सरकली. पुन्हा सरकली…

मग एकाएकी अंग हलकं झालं.

जमीन गार होती. त्या उन्हात इतकी गार असायला नको होती. आवाज काही आला नाही. एकाच अंथरुणावर शेजारच्यानं कूस बदलावी, एवढंच तिला पाठीखाली जाणवलं.

घोट्यांच्या खाली काहीच जाणवत नव्हतं.

बाबांनी तिच्या दोन्ही बाजूंनी राखेची रेघ ओढली आणि फडकं सोडलं. उठताना पाय जागेवर आहेत ना, हे तिला हातानं चाचपून बघावं लागलं.

राखेतलं डोकं उत्तरेकडे होतं. प्रेताचं ठेवतात तसं. परदेशातल्या पहिल्या खोलीतही तिच्या आईनं येऊन आधी खाट फिरवून घेतली होती. जन्मात ती कधी उत्तरेला डोकं करून निजली नव्हती.

तिनं कोनमापक लावला. सुतापासून अकरा अंश, पश्चिमेला.

पुन्हा लावला. अकरा.

रखमाजी हात पुसत काठावर आला. ‘आकडा तुमच्या डोक्यात होताच की, मॅडम. अंग गेलं त्याच्या मागं.’

‘तसंही असेल,’ ती म्हणाली.

संध्याकाळपर्यंत ती स्वतःला हेच सांगत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं चुलीच्या भाजलेल्या मातीवर उत्तरेची खूण केली, नमुना कापून घेतला आणि पेटीत ठेवला. रखमाजीनं कुदळ उचलली.

‘चार बोटं खाली गेलं की लागतोय, मॅडम. तासाभराचं काम.’

‘नको. माती परत लोटा.’

‘…आणि ते तुमचं दुसरं उदाहरण?’

‘याला उचलायचा नाही.’

तिनं वहीत लिहिलं : दुसरं घर. चूल घेतली. खाली उघडलं नाही. चार वर्षांचं काम त्या ओळीखाली जात होतं, हे तिला कळत होतं.

मजूर टोपल्या ओतू लागले. बाबाही खाली उतरून दोन्ही हातांनी माती सारू लागले.

‘बाबा, तिकडचे लोक विचारतील. खाली कुणी आहे हे कशावरून?’

बाबांनी हातानं माती सपाट केली. तळवा थोडा वेळ तसाच टेकवून ठेवला…

‘त्यांना म्हणावं, दुपारचे या, पडून बघा. अजून एकाला पुरंल एवढी जागा आहे.’